मोजणाऱ्याची मजुरी : लिनक्सच्या गाभ्यातला मेमरीचा हिशेब



आजचा विषय वाचून काही जणांना प्रश्न पडला असेल, की तत्त्वज्ञानाच्या माणसाने संगणकाच्या कर्नेलवर कशाला बोलावं? आमचं उत्तर सोपं आहे. हिशेब ही तत्त्वज्ञानाचीही जुनी काळजी आहे. एखादी वस्तू वाटून घ्यायची तर ती मोजावी लागते, मोजायला मोजणारा लागतो, आणि त्या मोजणाऱ्यालाही मजुरी द्यावी लागते. ती कुणाच्या वाट्यातून द्यायची? या प्रश्नाचा तारखांनिशी नोंदलेला इतिहास पाहायचा असेल, तर लिनक्सच्या कर्नेलसारखी जागा क्वचितच मिळेल. तिथे प्रत्येक बदल कुणी केला, कधी केला आणि का केला, हे त्या बदलासोबतच लिहिलेलं असतं. इतिहासाच्या अभ्यासकाला याहून अधिक काय हवं?

आधी पार्श्वभूमी पाहू. कर्नेल म्हणजे संगणकाचं यंत्र आणि त्यावर चालणारे प्रोग्रॅम यांच्या मध्ये बसलेला कारभारी. प्रोसेसरचा वेळ कुणाला द्यायचा, मेमरी कुणाला किती द्यायची, हे तो ठरवतो. लिनक्स हा असाच एक कर्नेल. १९९१ साली हेलसिंकीमध्ये लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तो लिहायला घेतला आणि आज जगातल्या मोठमोठ्या डेटा सेंटरमध्ये तो चालतो. हा कारभारी मेमरी वाटतो ती पानापानांनी. आपल्या नेहमीच्या संगणकांवर एक पान ४०९६ बाइटचं असतं. म्हणजे १६ जीबी मेमरीच्या यंत्रात सुमारे ४२ लाख पानं झाली. ही पानं सेकंदासेकंदाला कुणाकडे तरी जात असतात आणि परत येत असतात.

आता प्रश्न असा, की कुणी किती पानं घेतली याची नोंद कशी ठेवायची? जुन्या युनिक्समध्ये मर्यादा होती, पण ती एकेका प्रोसेसवर. तिच्यातली पळवाट तुमच्या लक्षात आली असेलच. एकाच माणसाने शंभर प्रोसेस चालवल्या, तर प्रत्येक प्रोसेस मर्यादेत राहूनही तो माणूस सगळं यंत्र गिळू शकतो. शिवाय काही पानं अनेक प्रोसेस मिळून वापरतात, ती कुणाच्या नावावर टाकायची? म्हणजे हिशेब व्यक्तीचा नको, कुटुंबाचा हवा. एका यंत्रावर अनेक भाडेकरू ठेवणाऱ्या ओपनव्हीझेड या प्रकल्पाने असा हिशेब आधीच सुरू केला होता. त्याला त्यांनी नाव दिलं 'बीनकाउंटर'. इंग्रजीत हे चिक्कू हिशेबनिसाला चिडवायचं नाव आहे, शब्दशः अर्थ शेंगांतले दाणे मोजणारा. नावातच थोडी कुरकुर आहे, आणि ती पुढच्या सगळ्या इतिहासात ऐकू येते.

मुख्य लिनक्समध्ये ही कल्पना आली ती गुगलमधल्या कामातून. २००६ मध्ये पॉल मेनेज आणि रोहित सेठ यांनी प्रोसेसचे गट करून त्यांना मर्यादा घालण्याचं काम सुरू केलं. त्याला पुढे 'कंट्रोल ग्रुप', थोडक्यात 'सीग्रुप', असं नाव पडलं आणि जानेवारी २००८ च्या २.६.२४ या आवृत्तीत ते आलं. पण तो नुसता सांगाडा होता. मेमरीचा हिशेब त्यात आला तो एप्रिल २००८ च्या २.६.२५ मध्ये. तो लिहिणाऱ्यांत दोन नावं प्रमुख आहेत. एक आयबीएमच्या भारतातल्या लिनक्स चमूतले बलबीर सिंग आणि दुसरे ओपनव्हीझेडचे पावेल एमेल्यानोव. गटाला मर्यादा आखून द्यायची, मर्यादा गाठली की त्याच गटाची जुनी पानं परत घ्यायची, आणि तेवढ्यानेही भागलं नाही तर त्याच गटातली एखादी प्रोसेस बंद करायची. शेजाऱ्याला झळ लागता कामा नये, हे त्यातलं न्यायाचं तत्त्व.

तत्त्व उत्तम होतं. पण मजुरी किती पडली ते पाहा. प्रत्येक पानासाठी एक वेगळी नोंद ठेवावी लागे. पॉइंटर म्हणजे मेमरीतला पत्ता, आठ बाइटचा. सुरुवातीच्या काळात एका पानामागे अशा पाच पॉइंटरांएवढी नोंद होती. पाच आठे चाळीस. ४०९६ बाइटांमागे ४० बाइट, म्हणजे जवळजवळ एक टक्का मेमरी केवळ मेमरीचा हिशेब लिहिण्यात जाऊ लागली.

आणि हा झाला फक्त जागेचा खर्च. वेळेचा खर्च वेगळाच. तो समजून घ्यायला आपल्या जुन्या पेढीचं चित्र डोळ्यांसमोर आणू. पेढीवर एकच कीर्द आहे आणि कारकून पन्नास आहेत. प्रत्येक व्यवहार झाला की कारकुनाने उठायचं, कीर्द ज्याच्या हातात असेल त्याची वाट पाहायची, ती आपल्या बैठकीवर आणायची, एक आकडा वाढवायचा. आकडा वाढवायला क्षणही लागत नाही. वेळ जातो तो कीर्द एका बैठकीवरून दुसऱ्या बैठकीवर नेण्यात. आजच्या प्रोसेसरमध्ये अनेक गाभे असतात आणि प्रत्येक गाभा आपल्याजवळ मेमरीची छोटी नक्कल ठेवतो. त्यातला एखादा आकडा बदलायचा, तर त्या आकड्याची मालकी दुसऱ्या गाभ्याकडून मागून आणावी लागते. पन्नास गाभे एकाच आकड्यात एक-एक मिळवू लागले, की तो आकडा नुसता फिरत राहतो. बेरीज स्वस्त असते, महाग पडते ती ने-आण. हे एकदा ध्यानात घेतलं की पुढच्या पंधरा वर्षांतले बहुतेक सगळे बदल एका सूत्रात बसतात.

पहिली सुधारणा २००९ मधली. बलबीर सिंग यांनीच विचारलं, की सगळ्यात वरच्या, मूळ गटाला मर्यादा नाहीच, तर त्याची पै-पैची नोंद कशाला? ती काढून टाकली. ज्याने हा हिशेब सुरू केला त्यानेच कुठे हिशेब करायचा नाही हे ठरवलं, ही गोष्ट आम्हाला फार बोलकी वाटते. आपल्या शास्त्रकारांच्या भाषेत हे लाघव. काम तेच होतं, भार तेवढा उतरतो.

दुसरी सुधारणा त्याच वर्षाच्या अखेरची, फुजित्सूच्या हिरोयुकी कामेझावा यांची. तिला आपल्याकडचा नेमका शब्द आहे, 'उचल'. प्रत्येक कारकुनाने दर वेळी कीर्दीपर्यंत जाण्याऐवजी एकदम बत्तीस पानांची उचल घ्यायची, कीर्दीत तेवढी एकदाच मांडायची आणि पुढचे एकतीस व्यवहार आपल्या गल्ल्यातून भागवायचे. बत्तीस फेऱ्यांच्या जागी एक फेरी.

पण मग हिशेब खोटा झाला का? हा खरा तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे, म्हणून इथे थोडं थांबू. कीर्दीत बत्तीस पानं खर्ची पडलेली दिसतात, प्रत्यक्षात पाचच वापरली आहेत. म्हणजे आकडा चुकला. पण कोणत्या बाजूला चुकला? नेहमी जास्तीच्याच बाजूला. गटाने मर्यादा ओलांडली आणि कीर्दीला त्याचा पत्ता नाही, असं या उचलीमुळे कधी होत नाही. उलट मर्यादा जवळ आली की सगळ्यांच्या गल्ल्यांतली शिल्लक परत मागवली जाते. म्हणजे ही चूक निवडून घेतलेली आहे. किती होऊ शकते हे ठाऊक आहे, कोणत्या दिशेला होईल हेही ठाऊक आहे. ॲरिस्टॉटलने 'निकोमाखियन नीतिशास्त्रा'च्या सुरुवातीलाच सांगितलं, की विषयाला पेलेल तेवढाच काटेकोरपणा मागणं हे सुशिक्षिताचं लक्षण. कर्नेलच्या कारागिरांनी त्यात एक भर घातली असं आम्ही म्हणू. काटेकोरपणा सोडायचा तर कुठवर सोडला आणि कोणत्या बाजूला सोडला, हे लिहून ठेवायचं.

हे 'लिहून ठेवायचं' शब्दशः खरं आहे. तिसरी सुधारणा योहानेस वाइनर यांची. २०१४ मध्ये लिहिलेली आणि २०१५ च्या आरंभी ३.१९ या आवृत्तीत आलेली. तोवर हिशेब बाइटमध्ये ठेवला जाई आणि प्रत्येक आकड्याला कुलूप असे. वाइनर यांचं म्हणणं असं, की सगळ्यात लहान व्यवहार जर एका पानाचा आहे, तर हिशेब बाइटमध्ये कशाला? व्यवहार रुपयांत होत असताना कीर्द पैशांत लिहिण्यासारखं आहे ते. त्यांनी हिशेब पानांत आणला आणि कुलूप काढून टाकलं. नवी पद्धत अशी, की आधी आकडा वाढवायचा, मग मर्यादा ओलांडली का ते पाहायचं, ओलांडली असेल तर वाढवलेलं परत वजा करायचं. यात एक फट राहते. कुणी मोठी मागणी केली आणि ती नाकारली जाण्याआधीच्या त्या क्षणी दुसऱ्याने छोटी मागणी केली, तर त्या छोट्याला उगाचच नकार मिळू शकतो. हे त्यांना माहीत होतं. त्यांनी कोडमध्ये त्या ओळीशेजारीच नोंद ठेवली आहे, की अशी चूक होऊ शकते आणि तिची कमाल मर्यादा दोन मागण्यांच्या आकारातल्या फरकाएवढी, म्हणजे दोन किंवा चार एमबीच्या आत आहे. खोटा नकार अधूनमधून चालेल, पण खोटा होकार चालणार नाही. किती हिशेबनीस आपल्या वहीत असं लिहून ठेवतात?

त्याच आवृत्तीत पानांच्या नोंदीचंही काम झालं. पाच पॉइंटरांपैकी आता एकच उरला होता. हे पान कोणत्या गटाचं, तेवढं सांगणारा. तो वेगळ्या वहीत न ठेवता पानाच्या मूळ नोंदीतच बसवला. जागेचा खर्च टक्क्याच्या एक पंचमांशाहूनही किंचित खाली आला आणि दोन वह्यांमधली शोधाशोध संपली.

इथवर हिशेब होता तो मुख्यतः प्रोग्रॅमनी घेतलेल्या पानांचा. पण प्रोग्रॅमच्या कामासाठी कर्नेल स्वतःही मेमरी वापरतो. एखादी फाइल उघडली की तिची नोंद, एखादी प्रोसेस सुरू झाली की तिची नोंद. या वस्तू लहान असतात. ६४ बाइटची वस्तू असेल तर एका पानात अशा ६४ मावतात. हा खर्च कुणाच्याच नावावर नव्हता. म्हणजे असे लाखो लहान खर्च कर्नेलला करायला लावून एखादा गट मर्यादेबाहेर निसटू शकत होता. ग्लाउबर कोस्टा यांनी ही वाट बंद करायला घेतली आणि २०१३ च्या ३.८ या आवृत्तीत त्याचा मुख्य भाग आला. उपाय सरळ होता. प्रत्येक गटाला त्याची स्वतंत्र पानं द्यायची, म्हणजे पान ज्याचं, त्यातल्या सगळ्या वस्तूही त्याच्याच. हिशेब सोपा झाला, पण प्रत्येक गटाची पानं अर्धवट भरलेली राहू लागली. प्रत्येक भाडेकरूला स्वतंत्र कोठार द्यावं आणि प्रत्येक कोठार निम्मं रिकामं राहावं, तसं झालं. २०१३ मध्येच डॉकर आलं, एकेका यंत्रावर गटांची संख्या वाढत गेली आणि ही उधळण डोळ्यांत भरू लागली.

२०२० मध्ये रोमन गुश्चिन यांनी ही रचना उलटवली. पान सगळ्यांत मिळून वापरायचं, पण पानातल्या प्रत्येक वस्तूवर मालकाची खूण करायची. ऑक्टोबर २०२० च्या ५.९ मध्ये हे आलं. फेसबुकच्या चालू यंत्रांवर त्यांनी ते तपासलं, तेव्हा या लहान वस्तूंसाठी लागणारी मेमरी सरासरी ३५ ते ४५ टक्क्यांनी कमी झाली. एकेका यंत्रामागे काही शे एमबी वाचले. केवढी मोठी बचत!

मात्र मजुरी दुसरीकडे वाढली. आता पानागणिक नव्हे, वस्तूगणिक नोंद. उचल इथेही होती. एका पानाची उचल घ्यायची आणि तिच्यातून बाइट वळते करायचे. पण व्यवहारांची संख्याच इतकी मोठी, की लहानसा विलंबही जाणवू लागला. रेड हॅटचे वेमन लाँग यांनी २०२१ मध्ये त्यातला बराच भार कमी केला. तरीही त्याच वर्षी एक प्रसंग घडला, आणि आजच्या व्याख्यानाचा कळीचा भाग तोच आहे.

दोन प्रोसेसनी एकाच वेळी एकाच फाइलमध्ये ढवळाढवळ करू नये म्हणून फाइलला कुलूप लावता येतं. प्रत्येक कुलपामागे कर्नेलमध्ये एक लहान नोंद तयार होते आणि तिचा खर्च कुणाच्याच नावावर पडत नव्हता. म्हणजे एखाद्या गटाने भारंभार कुलपं लावली, तर तो मर्यादेला बगल देऊन यंत्राची मेमरी खाऊ शकतो. वासिली ॲवेरिन यांनी हा खर्च गटाच्या नावावर टाकणारा बदल दिला. तो स्वीकारला गेला. त्यानंतर कर्नेलची स्वयंचलित तपासणी करणाऱ्या यंत्रणेने कळवलं, की कुलपं लावण्या-काढण्याची चाचणी बरीच मंदावली आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये खुद्द टोरवाल्ड्स यांनी तो बदल मागे घेतला. कारण त्यांनी लपवलं नाही. तात्त्विकदृष्ट्या हा बदल योग्यच आहे, पण हिशेबाचा बोजा कमी कसा करायचा ते पाहावं लागेल, तोवर तो मागे घेऊ, असा त्यांच्या नोंदीचा आशय.

मित्रहो, इथे दोन्ही बाजूंनी विचार करू. एक बाजू म्हणते, की माहीत असलेली फट उघडी ठेवणं हा अन्याय आहे. एका यंत्रावर परक्यांसोबत राहणाऱ्या प्रामाणिक भाडेकरूला त्याचा धोका आहे. दुसरी बाजू म्हणते, की फसवणारा हजारात एखादा, त्याला पकडण्यासाठी उरलेल्यांनी दर कुलपामागे कर का भरायचा? दोन्ही बाजूंना न्यायच हवा आहे. एकीला धोक्याची न्याय्य वाटणी हवी, दुसरीला खर्चाची. यातून एकच बाजू निवडा असा आग्रह धरला की वाद कधी संपत नाही.

आम्हाला असं वाटतं, की तो निर्णय समर्थनीय होता, पण एका अटीवर. 'योग्य आहे, पण महाग आहे' असं म्हणून एखादी गोष्ट पुढे ढकलली, की ते कर्ज होतं, आणि कर्ज फेडायचं असतं. 'महाग आहे, म्हणून योग्यच नाही' अशी पळवाट टोरवाल्ड्स यांनी काढली नाही, हे महत्त्वाचं. किंमत आणि योग्यता ही दोन खाती त्यांनी वेगळी ठेवली. आपल्या सार्वजनिक जीवनात ती किती वेळा एकत्र केली जातात, ते तुम्हीच आठवून पाहा.

आणि कर्जफेडीचे हप्ते सुरू झाले. २०२२ मध्ये शकील बट्ट यांनी उचल बत्तीस पानांवरून चौसष्टवर नेली, कारण यंत्रं मोठी झाली होती आणि नेटवर्कवरून येणारा माल वाढला होता. २०२३ मध्ये गुश्चिन पुन्हा या कामाकडे वळले. त्यांच्या लक्षात आलं, की प्रत्येक लहान वस्तू देताना कर्नेल विचारतो, 'ही प्रोसेस कोणत्या गटातली?' मग तो गट शोधतो, तो मध्येच नाहीसा होऊ नये म्हणून त्याला धरून ठेवतो, काम झालं की सोडतो. हे सगळं दर वेळी. पण प्रोसेस गट बदलते कितीदा? बहुतेक प्रोसेस जन्मापासून शेवटपर्यंत एकाच गटात असतात. तेव्हा त्यांनी गटाचा पत्ता प्रोसेसच्या स्वतःच्या नोंदीतच ठेवला आणि गट बदलला तर तिथे एक खूण करायची ठरवली. आता दर वेळी एवढंच पाहायचं, की खूण आहे का? नसेल तर पुढे चला. ६४ बाइटच्या दहा लाख वस्तू मागण्याच्या चाचणीत सुमारे तीस टक्के सुधारणा झाली. जानेवारी २०२४ च्या ६.७ मध्ये हे आलं. आणि त्याच महिन्यात फाइलच्या कुलपांचा खर्च पुन्हा हिशेबात घ्यावा, ही मागणीही नव्याने पुढे आली. प्रश्न कुणी विसरलं नव्हतं.

आता मागे वळून सगळ्या सुधारणा एका ओळीत मांडू. मूळ गटाला मोजणं सोडलं, उचल आणली, एकक बदललं, दोन वह्यांची एक केली, आणि शेवटी 'दर वेळी विचारा' याच्या जागी 'बदललं तर कळवा' आणलं. यातल्या एकाही बदलाने मर्यादा सैल केली नाही. जे काम लाखो वेळा होत होतं, ते क्वचित घडणाऱ्या प्रसंगाकडे सरकवलं, एवढंच. आणि जिथे अचूकपणा सोडला, तिथे चूक किती आणि कोणत्या बाजूला हे आधी ठरवलं.

काही जण विचारतील, की ज्याच्या यंत्रावर तो एकटाच आहे, त्याने ही मजुरी का द्यावी? प्रश्न रास्त आहे, आणि त्याची सोय आहे. यंत्र सुरू करताना एक सूचना दिली तर मेमरीचा हा गटवार हिशेब बंद ठेवता येतो. एकट्याने राहणाऱ्याला सोसायटीचा देखभाल खर्च लागू नये, इतकं साधं.

पण आपण बहुतेक जण एकटे राहत नाही, यंत्रांवरही नाही आणि यंत्रांबाहेरही नाही. कार्यालयात प्रत्येक पावतीला तीन सह्या, प्रत्येक अनुदानाला पाच प्रमाणपत्रं, हीसुद्धा मोजणाऱ्याची मजुरीच आहे, आणि ती बहुधा प्रामाणिक माणूसच भरतो. त्यावर दोन सोपी उत्तरं दिली जातात. एक, तपासणीच नको. दुसरं, आणखी तपासणी हवी. कर्नेलच्या इतिहासात तिसरं उत्तर मिळतं. नियम तोच ठेवायचा, आणि तो पाळण्याचा खर्च वर्षानुवर्षं, हप्त्याहप्त्याने, सगळ्यांसमोर कमी करत राहायचं. हे काम संथ आहे. त्यात टाळ्या पडत नाहीत. पण ते करणाऱ्यांची नावं आज आपण घेतली, ती याचसाठी.

इथे थांबू. प्रश्न असतील तर अवश्य विचारा.